डांबर सरकारचं, माती गावाची

घरात माणसं फार झाली म्हणून मी पळायला लागले. बाकीच्यांची कारणं मोठी असतात. कुणाला शुगर निघते, कुणाला डॉक्टर दम देतो. मला कुणी दम दिला नव्हता, उलट मीच सगळ्यांना देत होते. बोंडअळीनं आमच्या भागातली कपाशी खाल्ली त्या वर्षी दिग्रसमधलं नवऱ्याचं जिनिंग दिवाळीनंतर जेमतेम सुरू झालं आणि बंद पडलं. कापूसच नाही तर सरकी कशातून काढणार. मालक म्हणाला, बोलावीन तेव्हा या. नवरा तिथं सुपरवायझर होता, तो घरी आला आणि घरीच राहिला. सासूबाई तहसील कचेरीतून निवृत्त होऊन आधीपासूनच घरी. मुलगी दहावीला, ती अभ्यासाच्या नावाखाली घरी. आणि मी पुढच्या खोलीत मशीन टाकून ब्लाउज शिवणारी, म्हणजे मी तर कायमची घरातलीच.

रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी म्हणतात. नवऱ्यानं आधी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मग माझ्या मशीनला तेल घातलं, इतकं की एका नवरीच्या ब्लाउजला पाठीवर डाग पडला. एका सकाळी मी फोडणी करत असताना तो शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मोहरी जरा लवकर पडली." मी झारा खाली ठेवला, गॅस बंद केला, चप्पल घातली आणि बाहेर पडले. दारव्हा नाक्यापर्यंत चालत गेले. राग काही चालण्यात मावेना, म्हणून नाक्यापुढं पळाले. साडी हातात धरून, चपला फटाफट वाजवत, पेट्रोल पंपापर्यंत. परत आले तेव्हा घामानं निथळत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी नवऱ्याला विचारलं, मोहरी नेमकी कधी टाकायची. तो घाबरला.

दुसऱ्या दिवशी मी राग नसतानाही गेले. तिसऱ्या दिवशी शाळेच्या गणवेशाचं निळं कापड उरलं होतं त्याची दोन खिशांची पँट शिवली, वर नवऱ्याचा जुना शर्ट घातला. आमच्या भागात चाळिशीतली बाई पहाटे रस्त्यावर पळताना दिसली की लोक दोनच गोष्टी समजतात. एक म्हणजे घरात कुणीतरी गेलं, आणि दुसरी म्हणजे तिची बस चुकली. पहिल्या आठवड्यात मला रोज कुणी ना कुणी गाडी थांबवून विचारायचं, "काय झालं वयनी? कोन गेलं?" मी म्हणायची, कुणी नाही. "मग बसा ना मागं, सोडून देतो. अशा काहून पळून राह्यल्या?" नाही म्हटलं तर माणसं दुखावायची. एक दूधवाला तर माझ्याबरोबर एक किलोमीटर गाडी पहिल्या गिअरमध्ये चालवत आला, कारण बाईला असं रस्त्यात टाकून जाणं त्याच्या मनाला पटेना.

नवऱ्याला मात्र यात काम सापडलं. त्यानं मोबाइलवर वाचून काढलं की माणूस रोज थोडं थोडं वाढवत गेला तर काही महिन्यांत एकवीस किलोमीटर पळू शकतो, त्याला अर्ध मॅरेथॉन म्हणतात, आणि यवतमाळला अशी शर्यत होते. झालं. तो माझा प्रशिक्षक. मोटरसायकलवर बसून मागून सूचना. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मी रोज पहाटे ऐकत होते. जिनिंगमधली भाषा त्याच्या तोंडातून जाईना. घाम जास्त आला की म्हणायचा, आज ओलावा फार आहे. पण एक सांगते, मी पळून घरी येईपर्यंत पोळ्या तयार असायच्या. आधी त्यांचे नकाशे व्हायचे, नंतर गोल होऊ लागल्या. मोहरीबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही.

आता ज्या सकाळी सगळं बिघडलं ती सांगायला हवी.

जो काही कापूस हाती लागला तो विकायला त्या हंगामात सगळे सरकारी खरेदीकडं वळले, कारण व्यापारी भाव पाडून मागत होते. दिग्रसच्या बाजार समितीच्या गेटपासून रांग लागली ती दारव्हा रस्त्यानं गावाबाहेर, पार शेतांपर्यंत. ट्रॅक्टर, मेटॅडोर, बैलबंड्या. माणसं दोन दोन, तीन तीन दिवस रांगेत, कापसाच्या ढिगावरच झोपायची. माझा पळायचा रस्ता हाच. पहाटे मी गेटापासून रांगेच्या शेपटापर्यंत जायची आणि परत यायची. त्यांना करमणूक नव्हती, त्यामुळं मी आले की लोक उठून बसायचे. हळूहळू मी त्यांची निरोप्या झाले. "बाई, पुढं लाल ट्रॅक्टरवाल्याले सांगजा, डबा आला म्हना." "बाई, गेटावर काय म्हनते?" मी पळता पळता सांगायची, गेट बंद आहे, वजनकाटा सुरू नाही, साहेब आलेले नाहीत. रोज हेच सांगायची, आणि ते रोज विचारायचे. मला ते फार आवडायचं. ब्लाउजवाल्या बाईची एवढी वाट आयुष्यात कुणी पाहिली नव्हती.

त्या रांगेत माझा मोठा भाऊ होता. माझं माहेर याच रस्त्यावर, दिग्रसपासून सात किलोमीटर. आई-वडील दोघंही गेले, त्यामुळं माहेर म्हणजे दादा आणि वहिनी, एवढंच. दादाचा ट्रॅक्टर तीन रात्री रांगेत होता आणि त्याला नंबराचा फार अभिमान. मी जवळून गेले की तो ट्रॉलीवरून ओरडायचा, "माही बहीन हाये थे." सगळ्या रांगेला माहीत झालं होतं.

त्या दिवशी प्रशिक्षकानं नवीन काढलं होतं. रोज एकाच चालीनं पळून उपयोग नाही, मध्येच जीव तोडून पळायचं, मग थांबायचं. मी गेटापासून निघाले आणि जीव तोडून पळाले. बोलायला श्वास नव्हता. कुणी विचारलं तर मी नुसता हात हलवला आणि हसले. इकडं रांगेनं हिशेब केला. रोज हळू पळणारी बाई आज गेटाकडून अशी सुसाट येते, काही सांगत नाही, हसते, म्हणजे बातमी आहे. काटा सुरू झाला. एकानं ट्रॅक्टर सुरू केला. त्याचं पाहून पुढच्यानं केला. मी पळत होते तशी माझ्या दोन्ही बाजूंनी इंजिनं सुरू होत गेली, हॉर्न वाजायला लागले, बैल जुंपले गेले. आणि मी, देवा, मला वाटलं हे माझ्यासाठी आहे. इतक्या माणसांनी माझं पळणं एवढं मनावर घेतलं, या विचारानं माझा ऊर भरून आला. मी दोन्ही हात हलवायला लागले.

मग तर कुणाला शंकाच उरली नाही. सगळी रांग एकदम पुढं सरकली. मागचे पुढच्यांच्या बाजूनं घुसले, शिव्या सुरू झाल्या. आणि दादा नेमका त्या वेळी लोटा घेऊन शेतात गेला होता. त्याचा ट्रॅक्टर मधोमध उभा, माणूस नाही. चार जणांनी तो ढकलून कडेला घेतला, ट्रॉलीचं चाक नालीत गेलं आणि ट्रॉली एका अंगावर कलली. निम्मा कापूस नालीत. दादा लोटा हातात घेऊन तुरीतून पळत आला तेव्हा त्याच्या जागी दुसऱ्याच गावचा मेटॅडोर उभा होता. गेट अर्थातच बंद होतं. साहेब आलेच नव्हते. दादाला रांगेच्या शेवटी जावं लागलं, आणि जाताना अख्खी रांग हसली. "बहिनीनं भावाले मागं नेलं," असं कुणीतरी म्हणालं आणि ते वाक्य गावापर्यंत पोचलं. कापूस वाळवून झटकून निघाला, त्याचं काही नाही. ते हसू निघालं नाही.

तो त्याच दुपारी आमच्या घरी आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, पाणीसुद्धा घेतलं नाही. मी समोर उभी असताना नवऱ्याला म्हणाला, "जवाईबापू, सांगा तुमच्या बायकोले. हे पळणं बंद होत नाई तोवर आमच्या गावात पाय ठेवू नोको म्हना." 

मी शांत राहिले असते तर मी त्याची बहीण कसली. मी काय कुणाला इंजिन सुरू करा म्हटलं होतं? मीही नवऱ्याकडं बघूनच म्हणाले, "सांगा त्याईले, त्याईनं सोताच्या तोंडानं बोलावल्याबिगर मी गावात पाय ठेवत नाई." नवरा बिचारा दोघांच्या मधोमध. त्यानं खरोखरच दादाकडं वळून पहिल्यापासून सगळं सांगितलं. दादा म्हणाला, "आयकू आलं," आणि निघून गेला.

त्यानंतर राखी गेली, पोळा गेला. दिवाळी आली आणि भाऊबीजही गेली. मी ओवाळणीचं ताट लावून ठेवलं होतं, उगीच, कुणाला न सांगता. रात्री ताट मोडताना मला रडू आलं आणि मी मुलीवर ओरडले की अभ्यास कर. माहेर तुटणं काय असतं ते आई गेली तेव्हासुद्धा कळलं नव्हतं, कारण तेव्हा दादा होता. आता आठवड्यातून चार वेळा मी त्याच रस्त्यानं पळायची, गावाच्या अलीकडच्या पुलापर्यंत जायची आणि तिथून वळायची. पुलावरून आमच्या घरावरची पाण्याची टाकी दिसायची. वहिनी कधी गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसायची. हात करायची. मी पण करायची. अबोला दादाशी होता, वहिनीशी नव्हता, पण बोलावण्याचा अधिकार वहिनीनं घेतला नाही आणि मी मागितला नाही.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी आम्ही दोघं. पळणं बंद केलं असतं तर सगळं संपलं असतं, हे मला रोज पहाटे कळायचं आणि रोज मी बुटांच्या नाड्या बांधायची. एक कारण राग. दुसरं कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला मजा येत होती. इतकी मजा मला लग्नात आली नव्हती, मुलगी झाली तेव्हा आली नव्हती कारण तेव्हा टाके होते. पळताना मी कुणाचीच कुणी नसायची.

यवतमाळची शर्यत मात्र फसली. टाच आधीपासून दुखत होती, मी कुणाला बोलले नव्हते, आणि तेरा-चौदा किलोमीटरला पाय टेकवेना. रुग्णवाहिकेत बसून परत आले, आत एका मुलीनं केळं दिलं, ते खाल्लं. घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, आता बास. त्यांनी विचारलं, "टाच किती दिवसांत बरी होते?" मी म्हणाले, महिना. त्या म्हणाल्या, "मग अर्ज महिन्यानं टाक. आज निकाली काढायची गरज नाही." तहसीलीत आयुष्य गेलेली बाई, तिच्या हातून कुठलंही प्रकरण एका दिवसात सुटत नसे.

महिन्यानं टाच बरी झाली आणि त्याच आठवड्यात सासूबाई न्हाणीत घसरल्या. मनगट मोडलं, प्लास्टर. वेणी घालण्यापासून भात कालवण्यापर्यंत सगळं मला करणं आलं, घर सोडता येईना. मग मी गच्चीवर पळायला लागले. टाकीपासून कठड्यापर्यंत, कठड्यापासून टाकीपर्यंत. सासूबाई खुर्ची टाकून प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसायच्या आणि मी वळले की म्हणायच्या, "पुढं चला." खालच्या भाडेकरीण बाईंनी तक्रार केली की वरणात छताची पोपडी पडते. सासूबाईंनी वरूनच विचारलं, तक्रार तोंडी आहे की लेखी. बाईंनी दुसऱ्या दिवसापासून वरणावर झाकण ठेवलं.

असं दुसरं वर्ष संपत आलं, दुसरी भाऊबीजही तशीच गेली, आणि हिवाळ्यात बातमी आली की तालुक्यातले काही डॉक्टर मिळून अर्ध मॅरेथॉन भरवताहेत. दारव्ह्याच्या अलीकडून सुरुवात, शेवट दिग्रसच्या शाळेच्या मैदानावर. तीन तासांत जो येईल त्याला पदक. नवरा पत्रक घेऊन नाचतच आला. मी रस्ता वाचला आणि खाली बसले. शर्यत माझ्या माहेरच्या गावातून जाणार होती. वेशीपासून शेतांकडच्या पांदणीपर्यंत गावाच्या पोटातून.

"मग काय झालं?" नवरा म्हणाला.

"मी गावात पाय ठेवणार नाही म्हटलंय."

"तू पाय ठेवणार कुठं, पळणार आहेस."

यावर आमच्या घरात तीन दिवस चर्चा झाली. मुलगी म्हणाली, मामाच्या गावातून डोळे मिटून पळ. नवरा म्हणाला, पळताना दोन्ही पाय हवेत असतात असं त्यानं वाचलंय. शेवटी प्रकरण सासूबाईंकडं गेलं. त्यांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला. "डांबर बांधकाम खात्याचं. डांबराच्या कडेची माती गावाची. तू डांबर सोडायचं नाही. शपथ मोडत नाही." कुणालाही यात काही हसण्यासारखं वाटलं नाही. मीसुद्धा गंभीरपणे मान हलवली आणि नाव नोंदवलं.

शर्यतीच्या दिवशी थंडी अशी की हात खिशात घालून पळावं लागलं. आम्ही शंभरेक असू. पोलीस भरतीची पोरं सुरुवातीलाच दिसेनाशी झाली. माझ्या चालीला एक काका भेटले, नागपूरचे, बँकेतून निवृत्त, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांनी मला आपल्या दोन्ही गुडघ्यांचा इतिहास सांगितला, आधी डाव्याचा, मग उजव्याचा. मी हूं हूं करत होते. ऊन चढत गेलं, पऱ्हाटीच्या शेतात उरलीसुरली बोंडं दिसत होती आणि माझे पाय असे चालले होते की मला गावं संपूच नयेत असं वाटत होतं. मी एकदा उगीच हसलेसुद्धा. काकांना वाटलं, गुडघ्याला हसले.

मग गावाची दारव्ह्याकडची वेस आली. मी रोज वळायची तो पूल गावाच्या पलीकडं, दिग्रसच्या बाजूला. आज मी उलट्या बाजूनं थेट गावात शिरत होते. मी रस्त्याच्या मधोमध झाले, दोन्ही बाजूंना डांबर सारखं उरेल अशी.

गावात शाळेपाशी वहिनी उभी होती. नवी नऊवारी नाही, काही नाही, घरातलीच साडी, पण डोक्यावर पदर आणि हातात सूप. सुपात नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हिरवा खण. मला बघितलं आणि म्हणाली, "बाई, इकडं या. ओटी भरतो."

"वहिनी, मी डांबर सोडत नाही."

"मग मीच येतो. तुम्ही उभ्या तर राहा. माहेरवाशीण वेशीतून रिकामी जाते का कुठं?"

ती रस्त्यावर आली. तिच्या काखेत पाटही होता. तो तिनं डांबरावर मांडला, तोंड पूर्वेला. मागून येणारे धावक पाटाला वळसा घालून जायला लागले. मी पाटावर बसले. ओटीला पदर लागतो आणि माझ्या अंगात स्पर्धेचा बनियन, पोटावर नंबर. मी बनियनचा घेर पुढं ओढून धरला, त्यात वहिनीनं तांदूळ, नारळ, खण सगळं घातलं. कुंकू लावलं ते घामानं लगेच नाकावर आलं. मग ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "म्या तुम्हाले घरी नाई बोलावलं. रस्त्यावर भेटली. त्याईचा शब्द मोडला नाई." मी वर बघितलं. समोरच्या पानठेल्यापाशी दादा उभा होता. आमच्याकडं पाठ करून. पानठेला बंद होता.

दोन मिनिटं मी तशीच बसून राहिले. एक शब्द. नुसतं ये म्हटलं असतं तरी मी नंबर काढून वहिनीच्या हातात दिला असता आणि घरात जाऊन चुलीपाशी बसले असते. पाठ हलली नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले, ओटी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि पळाले. वाकून, फताफता, तांदूळ सांडत. काका माझ्यासाठी थांबले होते, ते विचारत होते की हा काही धार्मिक टप्पा होता का. मी रडत होते आणि ओटीतला नारळ फासळ्यांवर आपटत होता. अजून सात किलोमीटर होते आणि ओटी खाली ठेवायची नसते.

गाव संपलं तशी मागून चपलांचा आवाज आला. दादा. शर्टाच्या बाह्या वर, खांद्यावर दुपट्टा, धापा टाकत. तो माझ्याजवळ आला नाही. काकांच्या पलीकडून पळायला लागला आणि काकांना म्हणाला, "साहेब, सांगा त्या बाईले. नारळ इकडं दे म्हना."

काका म्हणाले, "त्यांना ऐकू येतं ना."

"येते. मी बोलत नाई तिच्याशी."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "काका, त्यांना सांगा, मला कुणाची मदत नको." काकांनी सांगितलं. दादा म्हणाला, "सांगा तिले, तांदूळ सांडून राह्यले, लक्ष्मी हाये थे." काकांनी तेही सांगितलं. मग मी ओटी काकांच्या हातात दिली, काकांनी दादाच्या. दादानं पळता पळता सगळं दुपट्ट्यात बांधलं आणि गाठोडं छातीशी धरलं. आम्ही तिघं एका रांगेत, मध्ये नागपूर. दर थोड्या वेळानं काकांमार्फत काहीतरी यायचं. श्वास नाकानं घे म्हना. कडेनं नोको पळू म्हना, दगड हाये. त्याला स्वतःला श्वास घेता येत नव्हता, चपलेचा अंगठा तुटत आला होता.

शेवटी काकांना राहवलं नाही. त्यांनी दादाला विचारलं, भांडण कशावरून. दादानं सुरुवात केली. तीन रात्रींची रांग, गेट, माझं सुसाट येणं, इंजिनं. तो जसजसा सांगत गेला तसतसे काकांचे खांदे हलायला लागले. मी दोन्ही हात हलवत होते हे दादानं सांगितलं तेव्हा काका मोठ्यानं हसले. आणि "मी लोटा घिऊन तुरीत" इथपर्यंत आल्यावर त्यांच्या कुशीत अशी कळ आली की ते पोट धरून रस्त्याच्या कडेला बसले. "जा तुम्ही, जा," एवढंच हातानं म्हणाले आणि पुन्हा हसायला लागले. कडेला दोन स्वयंसेवक होते, ते पाणी घेऊन त्यांच्याकडं धावले.

आम्ही दोघं पुढं निघालो आणि थोड्या वेळानं ध्यानात आलं की आता मध्ये कुणीच नाही. दादाच्या आणि माझ्या मध्ये नुसता रिकामा रस्ता होता.  नुसते श्वास. मी त्याच्याकडं तिरक्या डोळ्यांनी बघितलं. पन्नाशीचा माणूस, केस पांढरे झाले होते, दोन वर्षांपूर्वी एवढे नव्हते. माझा सगळा राग कुठं गेला कोण जाणे. मला त्याचा हात धरावासा वाटला, आणि धरला असता तर आम्ही दोघंही पडलो असतो.

दिग्रसचा पेट्रोल पंप गेला, दारव्हा नाका गेला. मैदानावरचा लाउडस्पीकर ऐकू यायला लागला. कुणीतरी सांगत होतं की पाच मिनिटं उरली आहेत. कमान दिसली. तेव्हा दादा म्हणाला, समोर बघतच, "दोन भाऊबीजा गेल्या वं."

 मी कमानीकडं बघत पळत राहिले.

"घरी कवा येतं?"

मी जागच्या जागी थांबले. आधी खरंच वाटेना. मग वळले आणि आल्या वाटेनं, गावाकडं पळायला लागले. मला शपथेचं, पदकाचं, कशाचंही भान नव्हतं. बोलावणं आलं होतं आणि मी निघाले होते, एवढंच. चार पावलं गेले असेन, मागून दादा ओरडला, "अवं कुठं चालली? तिकडं कुठं?"

"घरी," मी म्हणाले. "तू बोलावलंस ना."

तो गाठोडं छातीशी धरून रस्त्याच्या मधोमध उभा होता, तोंड लाल, एक चप्पल हातात. त्यानं माझ्याकडं बघितलं, कमानीकडं बघितलं, आणि दोन वर्षं ज्या गोष्टीपायी माझ्याशी बोलला नव्हता तिच्याच बाजूनं माझ्यावर खेकसला, "पहिले थे पुरं कर ना, बयताड. लोकं थांबून राह्यले तुह्यासाठी."

मी वळले आणि पळाले. तो एका पायात चप्पल घालून माझ्या मागोमाग येत होता आणि सगळ्या दिग्रसला ऐकू जाईल असं ओरडत होता, पाय उचल, पाय उचल.